निघणारी कॅप

व्यंकटराव डॉक्टरांना दोन गोष्टींचा गर्व: परभणीतला स्वतःचा दातांचा दवाखाना, आणि आपण दातावर चिकटवलेली कॅप कधी निघत नाही. दुसऱ्या गर्वापायी मागच्या महिन्यात एका गुरुजींची चांगली कॅप कापून काढावी लागली. कॅपखालची खुंटी जबड्यात धरणारा आतला स्क्रू ढिला झाला होता आणि वरची कॅप काही केल्या हलेना. कापायचं काम मात्र धम्मशीलाच्या वाट्याला आलं. ती तिथली धाकटी डॉक्टर, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं.

तिनं मग कॅप चिकटवायची तीन सिमेंटं घेतली. जुन्या खुंट्यांवर कॅप चिकटवल्या, पाण्यात भिजवल्या आणि एकेकीला वाळूची बादली टांगली. कच्चं सिमेंट अर्ध्या बादलीतच सुटलं. मधलं भरल्या बादलीला सुटलं. डॉक्टरांच्या लाडक्या रेझिन सिमेंटला बादलीची कडी तुटली, कॅप तशीच.

"बघा! हेच लावायचं," डॉक्टर खूश.

"म्हणूनच लावायचं न्हाई, सर."

खुर्चीत पाथरीचे जीपवाले गोपीचंद आ वासून बसले होते. जबड्यात इम्प्लांटचं धातूचं मूळ, त्यावर खुंटी स्क्रूनं घट्ट केलेली. कॅप तेवढी बाकी. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, लय पक्कं लावा. परत खेटा नगं."

"काका, जीपचं चाक वेल्डिंग करून बसवता का?"

"येडं का काय! पंक्चर झालं तर?"

"मग? आतला स्क्रू ढिला झाला तर? मी मधलं लावणार. चावताना टिकंल, मी ओढलं तर निघंल."

"इथं मी सांगतो तेच लागतं," व्यंकटराव म्हणाले. "नसेल जमत, तर दुसरा दवाखाना बघा, मॅडम."

"बघीन. पण या तोंडात रेझिन माझ्या हातानं जाणार न्हाई."

डॉक्टरांनी स्वतःच हातमोजे चढवले, रेझिन उचललं. गोपीचंदनी तोंड मिटलं. गच्च. वर बोटानं धम्मशीलाकडं दाखवलं.

तिनं मधलं सिमेंट लावलं, हिरडीकडं उतरलेलं बारीक टोकरून साफ केलं. डॉक्टर खिडकीकडं तोंड करून उभे.

"कधी सुटली तर फेकू नका काका, खिशात घालून आणा."

"कुठं आणू? हितं, का..." गोपीचंदनी डॉक्टरांच्या पाठीकडं पाहिलं.

धम्मशीलानं हातमोजे काढून टोपलीत टाकले.

"मी असीन तिथं."