डोंगरापलीकडचा निवेदक

आमच्या टीव्ही स्टेशनाला यंदा चाळीस वर्षं होतात, म्हणून नव्या मॅनेजरने मला इतिहास लिहायला बसवलं. म्हणाला, "एकच पान हवंय, लिओना. आणि जरा आनंदी असू दे बरं का." या ट्रेंटचं वय तीस. १९९१ च्या आधीही इथे काही होतं, हे त्याला ऐकूनच ठाऊक. मी म्हटलं, "आनंदी हवा असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी छाप." तो हसला. मी काहीही बोलले तरी त्याला गंमतच वाटते.

पान लिहून दिलं. १९५५, हार्लन प्रूइट यांनी ट्रॅक्टरच्या दुकानामागे चॅनल सहा सुरू केलं. १९५८, पहिल्या नेटवर्कशी करार. १९६४, दुसऱ्या नेटवर्कचेही काही कार्यक्रम. त्यांची रिळं बसने यायची, आधीच्या गावाने दाखवून झाली की आमच्याकडे. त्यामुळे आमच्या टेल्डन गावात नाताळचा कार्यक्रम जानेवारी संपताना लागायचा, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. १९७९, पहिलं नेटवर्क सोडून दुसऱ्याशी पूर्ण संसार. १९९१, पुन्हा पहिल्याच नवऱ्याच्या घरी. हे शेवटचं वाक्य ट्रेंटने खोडलं. नेटवर्कांची नावं मी इथे घेत नाही. त्यांचे वकील फार, आणि मला या वयात कटकट नको.

१९७९ ची ओळ मात्र पानावर कोरडीच राहिली. तिथं जे लिहायचं होतं ते जाहिरातींच्या मधे छापण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

त्याचं झालं असं. ५८ साली करार झाला खरा, पण अकरा हजार वस्तीच्या टेल्डनपर्यंत तार ओढणं न्यूयॉर्कच्या नेटवर्कला जिवावर आलं. त्यांनी सांगितलं, डोंगरापलीकडे ब्रॅकेट शहरात आमचं स्टेशन आहे, त्याचं प्रक्षेपण हवेतून उचला आणि तेच पुढे दाखवा. प्रूइटसाहेबांनी डोंगरमाथ्यावर ब्रॅकेटकडे तोंड करून एक अँटेना उभी केली आणि आम्ही नेटवर्कवाले झालो. शेजारणीच्या रेडिओवर आपली करमणूक भागवावी, तशातली गत.

अडचण एकच होती. दर अर्ध्या तासाने कार्यक्रम थांबायचा आणि ब्रॅकेटचा निवेदक माईक उघडून आपल्या स्टेशनाचं नाव-गाव सांगायचा. तसा कायदाच आहे. ते नाव टेल्डनच्या घरांत ऐकू जाता कामा नये, अशी साहेबांची सक्त ताकीद. म्हणून त्याने पहिला शब्द उच्चारायच्या आत मी बटण दाबून त्याला तोडायचं आणि आमचं नाव, आमची जाहिरात लावायची. तीस सेकंदांनी परत तिकडे जायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दिवसाला सतरा-अठरा वेळा. मी पंचविसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसले आणि एकवीस वर्षं हेच केलं.

आता तोडायचं कधी, हे कळणार कसं? घड्याळावर विसंबावं तर त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा कधी दोन सेकंद पुढे, कधी मागे. पण त्या माणसाला एक सवय होती. माईक उघडला की तो आधी छातीभर श्वास घ्यायचा. तो श्वास ऐकू आला की माझं बोट खाली. खोलीत स्पीकर एकच, आणि तो आमच्याच प्रक्षेपणाला जोडलेला. म्हणजे मी त्याला तोडलं की तो मलाही तुटला. एवढा दिवसभर बोलणारा माणूस, पण मला त्याचा फक्त श्वास माहीत. सर्दी झाली की कळायचं. सिगारेट सोडली ते कळलं. पुन्हा धरली तेही कळलं. त्याचं नाव काय, तो म्हातारा की तरणा, काडीची माहिती नाही.

घरी आई अंथरुणावर. गावात माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोराबाळांत गुंतलेल्या. खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझ्या इतक्या जवळ श्वास घेणारं दुसरं माणूस नव्हतं. हसायचं त्याने हसावं.

१९७१ च्या फेब्रुवारीत तो गायब झाला. त्याच्या जागी जो आला तो मेला श्वासच घ्यायचा नाही, माईक उघडला की सुटलाच. पहिल्या दिवशी माझ्याकडून अकरा वेळा ब्रॅकेटचं नाव टेल्डनभर गेलं. मोटारींचा दुकानदार डेल क्विस्ट फोनवर किंचाळला, "माझ्या जाहिरातीच्या डोक्यावर ब्रॅकेटचं नाव? लोक गाड्या घ्यायला तिकडेच जातील की!" प्रूइटसाहेब खोलीत येऊन म्हणाले, "झोपा काढतेस का गं इथे?" माझ्या नाकी नऊ आले. नवव्या दिवशी मी सरळ ब्रॅकेटला फोन लावला आणि विचारलं, "तुमचा तो नेहमीचा माणूस कुठे आहे?"

तिकडची मुलगी म्हणाली, "एमिल रोस्टाड? त्यांची बायको वारली हो. सोमवारी येतील."

सोमवारी साडेआठला श्वास आला. नेहमीचाच, पण मधे जरा अडखळलेला. मी बटण दाबलं आणि जाहिरात चालू असताना डोळे पुसले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दुपारी त्याचाच फोन. "तुम्ही माझी चौकशी केलीत म्हणे. कोण आपण?"

"चॅनल सहा, टेल्डन. मी तुम्हाला रोज तोडते."

मग मी सगळं सांगितलं, त्याच्या श्वासावर माझी नोकरी कशी उभी आहे ते. सांगता सांगता मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसायला लागला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसतोय, म्हणाला. "म्हणजे तेरा वर्षं मी बोलतोय आणि तुम्ही माझं एक अक्षरही ऐकलेलं नाही?"

"एकदा 'ब्रॅ' ऐकलं होतं. त्याबद्दल बोलणी खाल्ली."

त्या दिवसापासून तो माझ्यासाठी श्वास लांबवायला लागला. त्यांच्या लोकांना काही कळायचं नाही. मला कळायचं. आणि दर गुरुवारी सकाळी दहाला फोन. निमित्त सिग्नलचं; तो कमजोर पडला की पडद्यावर पांढरे ठिपके नाचायचे, त्याला आम्ही बर्फ म्हणायचो. "आज चित्र कसं येतंय?" "बर्फ दिसतंय थोडं." "बाहेर की पडद्यावर?" असलंच काहीतरी, पाच मिनिटं. पहिल्या वर्षी तुम्ही, दुसऱ्या वर्षी तू. ७५ साली आई गेली तेव्हा त्याने फोनवर काही सांत्वन केलं नाही, नुसता धरून बसला. मला ते फार बरं वाटलं.

आठ वर्षांत भेट नाही. दीडशे मैलांचा रस्ता आणि मधे खिंड, ही सबब दोघांनाही सोयीची होती.

मग ७९ आलं. टेलिफोन कंपनीची टीव्हीचं चित्र वाहून आणणारी लाइन टेल्डनपर्यंत पोचली आणि दुसऱ्या नेटवर्कने प्रूइटसाहेबांना गळ घातली. सप्टेंबरातला एक रविवार ठरला. फुटबॉलचा सामना दुपारी चारला संपला, एमिलने श्वास घेतला, मी शेवटचं तोडलं आणि परत तिकडे गेलेच नाही. साहेबांनी केक कापला. मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून ठेवला.

पुढच्या गुरुवारी त्याचा फोन आला. "आता सिग्नलचं निमित्त संपलं, लिओना. आता तू यायला हवं. जेवायला ये."

मी शेहेचाळीस वर्षांची, तो चौपन्नचा. मला त्याच्याजवळ राहायचं होतं. आडपडदा कशाला ठेवू? टेल्डनमधलं घर मला खायला उठायचं. त्याने एकदा विचारलं असतं तर मी नोकरी, घर, सगळं सोडून ब्रॅकेटला गेले असते. आपण होऊन विचारायची माझी छाती नव्हती, पण तो विचारेल अशी मनाशी पक्की खूणगाठ बांधली होती. ऑक्टोबरातल्या शनिवारी निळा झगा घातला, आईचं ब्रोच लावलं आणि खिंड ओलांडली.

एमिल टकला निघाला. उंच, जरासा वाकलेला, हात मोठाले. मला बघून म्हणाला, "मी तुला बुटकी समजत होतो."

"आणि मी तुला केसाळ."

हॉटेलात गरम बीफ सँडविच घेतलं, वर रस्सा ओतलेलं, आणि नंतर हकलबेरी पाय, रानफळं भरून भाजलेलं गोड. दोघंही आधी बुजलो, मग सुटलो. पण गोड येईपर्यंत त्याने मला दोनदा थांबवलं. "अगं, मला बोलू तर दे!"

"मी कुठे अडवतेय?"

"मी तोंड उघडलं की तू सुरू होतेस. आत्ता चौथ्यांदा झालं."

खरंच की. तो श्वास घ्यायचा आणि माझ्या तोंडून काहीतरी निघायचं. रस्सा छान आहे, रस्ता चांगला होता, कॉफी घेणार का. तो हसत म्हणाला, "सवय आहे गं. लाखभर वेळा तोडलंयस मला." मीही हसले. हसले आणि तिथेच सोडून दिलं, ही माझी अक्कल.

नंतर त्याने घर दाखवलं. मागच्या अंगणात सफरचंदाची दोन झाडं. वरच्या मजल्यावर एक उजेडाची खोली, नुकती रंगवलेली, पडदे नवे, आत सामान म्हणून काही नाही. "ही कशाला रंगवलीस?" मी विचारलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "रिकामी होती," म्हणाला.

साडेतीनला मी गाडीत बसले. तो दाराशी वाकला, एक हात गाडीच्या टपावर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि श्वास घेतला. लांब, खोल, खास माझ्यासाठी घ्यायचा तसा.

मी म्हटलं, "खिंडीत बर्फ पडायच्या आत निघायला हवं."

आकाश निळंशार होतं. बर्फाचा पत्ता नव्हता. त्याने तो श्वास हळूच सोडला, टपावरचा हात काढला आणि म्हणाला, "हो. नीघ तू. सांभाळून जा."

खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी मोठ्याने रडले. इतकी जवळ आलेली गोष्ट मीच तोडली, ज्या सवयीने पोट भरलं त्याच सवयीने. परत वळायला जागा भरपूर होती. वीस मिनिटं थांबले. मग म्हटलं, चांगलं दिसत नाही असं मागे जाणं. गुरुवारी फोन येईल, तेव्हा गप्प बसायचं. ओठ शिवून बसायचं.

गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दहाच्या सुमाराला कुणाला फोनजवळ उभं राहू देत नव्हते. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मानाचा प्रश्न करून बसले होते, दुसरं काय. शेवटी मार्चमध्ये मीच लावला.

"लिओना," तो म्हणाला. आवाज बरा होता.

"एमिल, त्या दिवशी गाडीपाशी तू काहीतरी बोलणार होतास."

"हो."

"मी तुला तोडलं. मुद्दाम नव्हे. तुला माहीत आहे ना मुद्दाम नव्हतं ते?"

"तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, उत्तर मिळालं."

"मग आता विचार. मी एक शब्द बोलणार नाही."

आणि मी खरंच बोलले नाही. दोन्ही ओठ दातांत धरले. पलीकडे श्वास आला आणि मी थांबले, आयुष्यात पहिल्यांदा थांबले, पुढे काय येतं ते ऐकायला.

"घर विकलं गं मी," तो म्हणाला. "परवा ॲरिझोनाला निघालोय, बहिणीकडे. तिचा नवरा गेला, तिला सोबत हवीय. तिला शब्द दिलाय. ऑक्टोबरात विचारायचं होतं, लिओना. ते ऑक्टोबरातच विचारायचं होतं."

मला म्हणायचं होतं की मीही येते ॲरिझोनाला, कुठेही येते. पण बोलणार नाही म्हटलं होतं ना. आणि त्याने पुढे काही विचारलं नाही.

"नीट राहा," तो म्हणाला.

"तूही."

आठ वर्षांत प्रत्येक वेळी फोन मीच आधी ठेवला होता, दर वेळी काम आहे म्हणून. त्या दिवशी ठेवला नाही. कानाला लावून उभी राहिले. पलीकडे तोही होता, ऐकू येत होता. साहेबांनी काचेतून दोनदा खुणावलं, मी पाठ फिरवली. बऱ्याच वेळाने त्याने रिसीव्हर खाली ठेवला, अगदी हलक्या हाताने.