टाच नसलेली पावलं

"उभी राह्यली! पोरगी उभी राह्यली व माय!"

देऊळघाटच्या मांडवात बायांनी हात जोडले. शेजारच्या राखीच्या लेकीला, पुष्पांजलीला, काखेत धरून पाऊलबाबांनी ओल्या कुंकवाच्या परातीत टेकवलं होतं. कधीच भार न पेललेले तिचे पाय खांबासारखे सरळ झाले. मग तिला पांढऱ्या कापडावर टेकवलं. लाल पावलं उमटली.

"हे देवीचं पाऊल!" बाबा गरजले. "घरात टांगा, रोज पुजा. पण डॉक्टरी व्यायाम बंद! देवी म्हणते, एक तर मी, नाहीतर तो गुडघे मोडणारा दवाखाना!"

आपल्या लेकाला, ऋत्विकला, कडेवर घेऊन सुचिता मागून हेव्यानं बघत होती. दोघींच्याही लेकरांना सेरेब्रल पाल्सी; मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा नाही. दोघी मिळूनच बुलडाण्याला फिजिओथेरपीला जायच्या. राखीनं कंटाळून सोडलं, सुचिता जात राहिली. "समाधान आहे ना?" असं तिथे व्यायाम शिकवणाऱ्या अनुपमा मॅडमनी विचारलं की ती मान हलवायची. समाधान कसलं? ऋत्विक नुसता बसायला शिकला होता. आणि राखीची पोर उभी राहिली!

"पाह्य," सासू गोजरबाई म्हणाल्या, "तू पोराचे पाय वढत बसली, तिनं देव गाठला. येत्या गुरुवारी आपला नंबर. आता तो व्यायाम बंद."

संध्याकाळी सुचिता राखीकडे गेली. कौतुकाला नाही, काहीतरी उणं सापडावं म्हणून. देव्हाऱ्याशेजारी कापड टांगलं होतं.

"काऊन अशी पाह्यून राह्यली व? नजर लागन माह्या पोरीले," राखी हसली.

सुचिताची नजर हटेना. बोटं उमटली होती, चवडा उमटला होता. टाच कुठेच नव्हती. आणि मॅडम तर दर खेपेला तेच विचारायच्या, 'टाच टेकली का?'

गुरुवारी बाबांनी ऋत्विकसाठी हात पुढे केले.

"थांबा. आधी मीच धरते."

तिनं त्याला काखेत धरून चवडे परातीत टेकवले. पाय ताठ झाले.

"उभा राह्यला! बाबांनी हातही नाही लावला!" मांडवातली एक बाई ओरडली.

"माझ्या मांडवाची कृपा!" बाबांनी घाईनं सांगितलं.

"हे घरी रोजच होते," सुचिता म्हणाली. "चवडा टेकला की याचे पाय आपोआप आखडतात. हाच तर आजार आहे. टाच पाहा, अधांतरी आहे. बाबा, राखीच्या पोरीले धरा अन् हात सोडून दाखवा."

"श्रद्धा नसली की देवी रुसते," बाबा पुटपुटले. राखीच्या पोरीला धरलंच नाही.

सुचितानं ऋत्विकला खाली बसवलं आणि ती बाजूला झाली. कुणाच्याही आधाराशिवाय बसून त्यानं दोन्ही हातांनी प्रसादाचं केळं उचललं.

गोजरबाई नातवाकडे बघत राहिल्या. राखीही बघत होती, त्याच्या मोकळ्या हातांकडे. ती नजर सुचितानं ओळखली. आठवडाभर तीच नजर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"माह्या पोरीचे पाय आणखी आखडले व," राखी हळूच म्हणाली. "बुलडाण्याले कधी जातं?"

"उद्या. संगच जाऊ."

तुमच्या लेकराला कुणी उभं करून दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याला म्हणा, हात सोड. मग खाली वाका आणि टाच बघा.