दारवाला

बाबांनी खिडकीच्या फटीत कागदाची पट्टी धरली, खिडकी लावली, कडी घातली आणि पट्टी ओढली. ती सुळकन हातात आली.

"नको हे घर," ते म्हणाले.

दलाल बिचारा अजून बाहेरच्या डोंगरांकडे बोट दाखवून उभा होता. चौथा मजला, भिंतभर काच, समोर पांढरी शिखरं, आणि एवढं सगळं असून भाडं आमच्या आवाक्यातलं. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते.

"काका, कागद काय बघताय, व्ह्यू बघा," दलाल म्हणाला.

"व्ह्यू छान आहे. मागच्या थंडीतलं विजेचं बिल आहे का?"

"ते भाडेकरूकडे असतं. असं कोणी विचारत नाही हो."

"म्हणूनच भाडं कमी ठेवलंय," बाबा म्हणाले आणि पट्टी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. हात मात्र लगेच कोटाच्या खिशात घातले. ते का, हे मला माहीत होतं, आणि त्या हातांमुळेच आम्ही त्या परक्या गावात घरं बघत हिंडत होतो.

त्या गावच्या मोठ्या इस्पितळात मला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून नेमणूक मिळाली होती. पगार वाढणार होता, सोमवारी रुजू व्हायचं होतं. आमच्याकडे पंखा थांबला की वीज गेली असं समजतात, बाराही महिने. त्यामुळे घर तापवायला पैसे पडतात ही गोष्टच मला ठाऊक नव्हती. इस्पितळातल्या एका नर्सबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाडं काय, भाजी काय, सगळं जमवता येतं हो. हीटरचं बघा. सकाळ-संध्याकाळ लावलात तर पगार पुरून उरेल. दिवसभर लावलात तर तुमची पगारवाढ तोच खाईल आणि वर आणखी मागेल."

मी कामावर जाणार, म्हणजे मला हीटर सकाळ-संध्याकाळ पुरला असता. दिवसभर तो लागणार होता बाबांना. एकतीस वर्षं त्यांनी कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलं. बटाटे, सफरचंदं ठेवायचे ते प्रचंड थंडगार गाळे. त्या नोकरीने त्यांना थोडीशी पेन्शन दिली आणि ही बोटं दिली. गारठा लागला की ती खडूसारखी पांढरी पडतात, सुन्न होतात, हातातला कप कधी सुटला ते कळत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोज्यांवर भागणार नाही, खोली उबदार हवी.

नर्सबाईंचा हिशेब मी औषधाच्या पाकिटावर लिहिला आणि वर्तमानपत्राखाली सारला. बाबांनी तो दुसऱ्या दिवशी वाचला.

"तू जा," ते म्हणाले. "मी धाकट्याकडे राहतो."

धाकटा म्हणजे माझा काका. माणूस चांगला आहे, काकूही चांगली आहे. पण आई गेल्यानंतर बाबा चार दिवस तिकडे राहिले होते, तेव्हा मी बघितलं होतं. पुढ्यात आलेला चहा पीत होते आणि दुसरा मागत नव्हते. आमच्या घरी ते तिसराही मागतात. जन्मभर ताठ मानेने जगलेला माणूस उरलेलं आयुष्य संकोचून बसणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी ठरलं की दोघांनी जायचं, दिवसभर हीटर लावूनही परवडेल असं घर मिळालं तर बाबा राहतील. नाही मिळालं तर रविवारी संध्याकाळच्या बसने एकटे परत. ते तिकीट त्यांनी निघण्याआधीच काढलं. मला दाखवलं, आणि कागदाच्या पट्ट्यांबरोबर शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

त्या पट्ट्यांबद्दल सांगायला हवं. कोल्ड स्टोरेजमध्ये बाबांचं काम दारांचं. वीतभर जाडीची ती दारं, त्यांच्या कडेने रबर. रबर कुठे सैल पडलंय ते ओळखायला दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि ओढायचं. कागद सहज आला तर दार गळतंय. सगळे त्यांना दारवाला म्हणायचे. आईला मागणी घातली तेव्हा मध्यस्थाने आजोबांना सांगितलं, मुलगा दारवाला आहे. आजोबांना एका कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी दारूवाला ऐकलं आणि पाहुण्यांना पाण्यालाही न विचारता वाटेला लावलं. गैरसमज मिटायला तीन महिने लागले, आणि पुढे आईने हा विनोद तीस वर्षं पुरवला. हजेरीपटावर मात्र बाबा शेवटपर्यंत 'मदतनीस'च होते. निरोपाच्या कागदावरही तेच छापलं होतं. तो कागद त्यांनी भिंतीवर लावला नाही, एवढंच.

दुसरं घर तळमजल्यावर होतं. बाबांनी तिथे पट्टी काढलीच नाही. कोपऱ्यातल्या ओलीकडे बघून म्हणाले, "याला तापवायचं म्हणजे आधी वाळवायचं." आणि बाहेर पडले.

तिसरं घर दलाल दाखवायलाच तयार नव्हता. मधला मजला, मागची बाजू, दोन खोल्या, लहान खिडक्या, बाहेर बघावं तर शेजारची भिंत. भाडं पहिल्यापेक्षा थोडं जास्तच. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, काठी घेऊन चालणाऱ्या बाई, आणि कुणाचंही बोलणं अर्धवट तोडणाऱ्या.

"तुमचा हीटर दिवसभर चालू असतो का हो?" बाबांनी त्यांना विचारलं.

"मग? गुडघे काय तुम्ही चोळून देणार?"

"आणि वरच्यांचा?"

"त्यांचं तान्हं बाळ आहे. त्यांचाही चालू."

बाबांनी मला बाजूला घेतलं. इतकं खूश मी त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. "अगं, खालून या शेकणार, वरून बाळ शेकणार. मधल्याला अर्धी ऊब फुकट आहे."

मग त्यांनी पट्टी काढली. पहिल्या खिडकीत पट्टी सुळकन आली. दुसऱ्या खिडकीत आली. दारात तर वाऱ्यानेच आली असती. माझा चेहरा उतरला. बाबांचा नाही. ते मालकीणबाईंना म्हणाले, "मला एक दिवस द्या. दारं-खिडक्या नीट करून देतो. पैसे नकोत."

"आणि बिघडवलीत तर?"

"तर मुलगी दुसरं घर बघेल."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चपला बाहेर काढून काम करायचं," म्हणाल्या. निघताना त्यांनी कराराचा कागद माझ्यापुढे केला. 'राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. मी म्हटलं, "हे रविवारी भरते."

शनिवारी बाबांनी बाजारातून रबराची पट्टी आणली आणि कामाला बसले. मी मदतीला गेले तर मला स्टुलावर बसवलं. बिजागऱ्या काढल्या, दाराला रंधा मारला, चौकटीच्या कडेने रबर लावत गेले. दर अर्ध्या तासाने थांबून बोटं काखेत धरत होते. एकदा स्क्रू हातातून निसटला. तो मी उचलून देणार तेवढ्यात म्हणाले, "राहू दे. मला सापडतो."

"दुखतंय का?"

"दुखत नाही, हेच तर दुखणं आहे." मग दाराला खांदा लावून म्हणाले, "एकतीस वर्षं ऊब बाहेर ठेवली. आता आत ठेवायची. दार तेच आहे गं, मी फक्त या बाजूला आलोय."

मी आयुष्यभर त्यांना काम करून थकून येताना बघितलं होतं. काम करताना कधी बघितलं नव्हतं. चौकटीवरून हात फिरवून, डोळे मिटून, ते फट शोधत होते. सुन्न बोटांनी कळत नव्हतं तेव्हा गाल टेकवून बघत होते. प्रयोगशाळेत मी इतक्या नेटाने काम करते का, असा प्रश्न मला पडला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की स्टुलावर नुसतं बसवेना. मी खाली जाऊन मालकीणबाईंकडे चहा मागितला. बाबांसाठी दोन कप.

रविवारी दुपारी बाबांनी हीटर तासभर चालवला आणि बंद केला. दोन तास आम्ही तिथेच बसून राहिलो. मालकीणबाई काठी टेकत वर आल्या, आत पाऊल टाकलं आणि बंद हीटरवर हात ठेवून बघितला. खोली उबदार होती. त्यांनी कमरेच्या पिशवीतून मागच्या भाडेकरूची थंडीतली बिलं काढली. बाबांनी आदल्या दिवशी मागितली होती. आता दिवसभर हीटर लावूनही आमचं बिल त्याच्या निम्म्यावर आलं असतं, आणि तेवढं आम्हाला परवडणार होतं.

मला वाटलं, झालं. पण बाबा उठले. खिडक्या त्यांनी सकाळीच तपासल्या होत्या, आता दार राहिलं होतं. पट्ट्या सगळ्या संपल्या होत्या. त्यांनी खिसा चाचपला, त्यात एकच लांबट कागद उरला होता. तो त्यांनी दारात धरला, दार लावलं आणि बाजूला झाले.

"ओढ," मला म्हणाले.

ते बसचं तिकीट होतं.

मी हलकेच टोक धरलं. त्यांनी माझ्या मनातलं ओळखलं. "तसं नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये तपासनीस यायचा तो दोन्ही हातांनी ओढायचा. माझी मुलगी म्हणून ओढू नकोस. कागद आला तर मी जाणार."

मी पाय रोवले आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढलं.

अर्धं तिकीट माझ्या हातात आलं. अर्धं दारातच राहिलं.

बाबांनी नुसती मान हलवली, तो तपासनीस हलवत असेल तशी. मालकीणबाईंना काय फाटलं ते कळलं नसावं. त्या कराराचा कागद घेऊन टेबलाशी बसल्या आणि चष्मा लावला.

"राहणाऱ्या व्यक्ती किती?"

"दोन," मी म्हटलं.

"तुमचं लिहिलंय. यांचा व्यवसाय काय लिहू? निवृत्त?"

मी तोंड उघडणार एवढ्यात बाबा म्हणाले, "दारवाला."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून बघितलं. "काय म्हणालात?"

बाबांनी खिशातून हात काढले आणि टेबलावर ठेवले. बोटांवर लाली परत आली होती.

"दारवाला," त्यांनी सावकाश सांगितलं. "'र'ला उकार देऊ नका."