महालक्ष्म्यांमागचे एकशे दोन मजले

निजामी संपायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नांदेडात तेव्हा दोन माणसं ओट्यावर बोलत उभी राहिली तरी तिसरा कान टवकारायचा. त्यात मी जन्माचीच संशयी. दूधवाल्याच्या मापापासून शेजारणीच्या हसण्यापर्यंत मला सगळ्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं.

आमचे हे, अवधूत मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आरासीला त्यांनी कैलास नाही की गोकुळ नाही, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी केली. हेडमास्तरांकडच्या इंग्रजी मासिकात तिचं चित्र होतं. पुठ्ठ्याची, पुरुषभर उंच, आतून पोकळ. वर जाताना ती पायऱ्या-पायऱ्यांनी आत सरत गेली होती.

"अशी का हो?"

"खालच्या रस्त्याला ऊन मिळावं म्हणून. नाहीतर शेजारचे कायम अंधारात."

पायथ्याशी काड्यापेटीच्या मोटारी, भोवती बुटकी घरं, कडेला निळ्या कागदाची नदी. अगदी टोकाला छत्रीची काडी. ती कशाला विचारलं तर म्हणाले, "उडती जहाजं बांधायला." मास्तरांचं काहीतरीच! पण पहिल्या संध्याकाळी गल्लीतल्या बाया आ वासून बघायला लागल्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारची चंद्रप्रभा आली, पोलीस शिपाई संगप्पाची बायको गुरम्मा आली. सगळ्यांना मी एकशे दोन मजल्यांचं वर्णन ऐकवलं, चार गोष्टी पदरच्याही घातल्या. चंद्रप्रभानं मात्र दोनदा विचारलं, "ही काडी कशाची हो?" तिचे यजमान शेषेराव सरकारी कचेरीत कारकून होते. मी ते मनात टिपून ठेवलं.

दुसरा दिवस जेवणाचा. सोळा भाज्यांचा वास घरभर सुटलेला, आणि दारात पोलीस चौकीचे अमीनसाहेब.

"मास्तर, आरासीत बिनतारी यंत्र लपवलंय अशी खबर आहे. इमारत उघडायची."

त्या दिवसांत बिनतारी म्हणजे सरळ तुरुंग. कितीतरी घरचे कर्ते पुरुष नुसत्या संशयावरून आत गेले होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पण इमारत महालक्ष्म्यांच्या मागे, त्या ज्यावर उभ्या त्याच आडणीला बांधलेली. त्यांना हलवल्याशिवाय ती निघत नव्हती. मी आडवी उभी राहिले.

"महालक्ष्म्या तिसऱ्या दिवशीच हलतात. आज हलवायच्या तर आधी मला हलवा."

अमीनसाहेब क्षणभर देवीकडे बघत राहिले. "ठीक. उद्या तुम्ही हलवा, मग आम्ही उघडू. तोवर मास्तर चौकीत आणि शिपाई इथं."

ह्यांना नेलं. संगप्पा इमारतीसमोर बसला. मी पुरणपोळीचं ताट पुढं केलं तर म्हणाला, "नगं बाई. गळ्याखाली उतरंना." ऐट बघा मेल्याची, असं मी मनात म्हटलं.

दिवेलागणीला हळदीकुंकवाला बाया आल्या. चंद्रप्रभा हिरवं लुगडं नेसून उंबऱ्याशी आली आणि खबर हिनंच दिली असणार म्हणून माझं डोकं फिरलं. मी दारातच म्हणाले, "आज आमच्याकडे हळदीकुंकू नाही." माझ्या मागे चार सवाष्णींची कपाळं कुंकवानं भरलेली होती. तिनं ती बघितली आणि वळली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

बाया गेल्यावर मात्र शंकेनं मलाच धरलं. पुठ्ठे चिकटवताना हे दार का लावून घ्यायचे? हात लावू नकोस, असं का बजावायचे? आत खरंच काही निघालं तर?

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून मी मुखवटे हलवले. अमीनसाहेब ह्यांना घेऊन आले. संगप्पानं सुरीनं इमारत वरपासून खालपर्यंत फाडली. आत खळीचा वास आणि दोन झुरळं. बाकी काही नाही.

"खबर तर पक्की होती," अमीनसाहेबांनी खिशातला कागद काढला. "घरवालीचेच शब्द आहेत. 'काडीला तार जोडली की घरबसल्या अमेरिकेशी बोलता येतं. आमच्या ह्यांना सगळं जमतं.' मास्तरांनीही लिहून दिलंय, तिला मीच तसं सांगितलं म्हणून."

उडत्या जहाजांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून मीच ते गुरम्माला सांगितलं होतं. माझं खोटं ह्यांनी रात्रभर चौकीत आपल्या अंगावर घेतलं होतं.

संगप्पा मान खाली घालून म्हणाला, "बाई, ती घरी कवतिकानं बोलली, म्या चौकीत कवतिकानं बोललो. असं हुईल वाटलं न्हाई."

हे खाली बसून काड्यापेटीच्या मोटारी गोळा करत राहिले.

मी कुंकवाचा करंडा उचलला आणि शेजारी गेले. कडी वाजवली. चंद्रप्रभा दारात आली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"सुटले का मास्तर?" तिनं विचारलं. "काल तुमच्याकडून आले तर आमचे हे कचेरीतून तसेच चौकीत गेलेले. मास्तर तसले नाहीत, मी जामीन राहतो म्हणाले. पहाटेपर्यंत बसवून ठेवलं त्यांना."

एवढं बोलून तिनं कपाळ पुढं केलं. माझं बोट काही केल्या करंड्यातून वर येईना.