आजच्यापुरतं छप्पर

ठमाबाईचं लेकीकडं एकच मागणं होतं. "माझ्या सरणावर पानी पडू देऊ नगंस, सारजे."

नवरा गेला तेव्हा परतीच्या पावसानं त्याचं सरण विझवलं होतं. दोनदा डिझेल ओतलं, तरी सकाळी काय उरलं होतं ते ठमाबाईनं लेकीलाही सांगितलं नाही. स्मशानात पत्र्याचं छप्पर होतं, पण ते गावासाठी. बौद्धवस्तीची जागा ओढ्याकाठी, उघडी. आधी ही नुसती रीत होती. मग ग्रामसभेत हात वर झाले आणि रीतीचा ठराव झाला: ज्या त्या समाजानं आपापल्या जागेत दहन करावं.

ठमाबाई गेली ती आश्विनात, आभाळ भरलेलं असताना. अंथुर्ण्याहून सिद्धूमामा आला, वस्ती गोळा झाली आणि तिरडी थेट ग्रामपंचायतीच्या पायरीवर ठेवली. "ठराव मागं घ्या, मग उचलतो."

शेजारची प्रयागबाई म्हातारी तिरडीशी वाकली. "ठमे, जित्तेपनी हितं बसाय न्हाय मिळालं. आता बघ, ऐसपैस आडवी झालीस."

बाया रडता रडता हसल्या.

दुपारी सरपंच आबासाहेब सारजाजवळ येऊन उकिडवे बसले. आवाज मऊ होता.

"पोरी, आईला भिजवतीस व्हय? चारचौघांत विनंती कर. मानुसकी म्हनून आजच्यापुरतं छप्पर देतो."

"आन ठराव?" सिद्धूमामानं विचारलं.

"त्यो हाय तसा ऱ्हाऊ दे."

सगळे सारजाकडं बघू लागले. "तुजी आई हाय," सिद्धूमामा म्हणाला. "तू म्हनशील तसं. कुनी बोल लावनार न्हाय."

हात जोडायला कितीसा वेळ लागतो? सारजानं पदर सावरला, हात उचललेही. मग तिची नजर प्रयागबाईवर गेली. आईच्याच वयाची. तिच्या वेळी तिच्या लेकीनंही असंच उकिडवं बसलेल्या माणसापुढं हात जोडायचे.

"न्हाय, आबा," ती म्हणाली. "मागून न्हाय घेत."

दिवस कलला तरी ठराव हलला नाही; शेवटी तिरडी उचलून ओढ्याकाठी नेली. तिथं त्रिशरण झालं. सारजानं अग्नी दिला आणि थोड्या वेळात पाऊस आला. सिद्धूमामानं टेम्पोवरची ताडपत्री ओढून आणली. सारजासकट चौघांनी चार कोपरे धरून ती सरणावर उंच ताणली. जाळ वाढला तशी ताडपत्री मधोमध आकसली, वितळून ठिबकू लागली.

"काढा बाजूला! तिच्यावरच पडंल," सिद्धूमामा ओरडला.

तिघं मागं सरले. सारजा हलेना. प्रयागबाईनं तिचा हात धरला आणि कोपऱ्यावर आवळलेलं एकेक बोट सोडवलं.