कोड कोणी सांगितला?

"पार्सल पोचलंय म्हणे! घेतलं कोणी, भुतानं?" धाकटी फोनवर कडाडली. फोन स्पीकरवर टाकलेला, शेजारी ताई बसलेली. कंपनीला हा चौथा फोन.

ताईसाठी विग मागवला होता. केमो संपली, पण डोक्यावर अजून नुसती लव होती आणि सोमवारी तिला चष्म्याच्या दुकानात पुन्हा रुजू व्हायचं होतं. त्या दुकानात चारी भिंतींना आरसे. विगशिवाय पाय ठेवणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. सोमवार चुकला की मालक दुसरी बाई ठेवणार. पैसे परत आले तर धाकटी आजच्या आज दुसरा विग आणणार होती. ती पार्लरवाली, केसांतलं तिला कळायचं. ताईचं डोकंही तिनंच भादरलं होतं, "टिप दे हां" म्हणत.

"मॅडम, आमच्या माणसाला कोड सांगितलाय. कोड दिला म्हणजे वस्तू मिळाली. पैसे परत होत नाहीत."

"कोणी दिला कोड? तुमच्या आत्यानं?"

"मी," ताई म्हणाली.

धाकटीनं फोनवर हात दाबला. "काय?"

"तो म्हणाला, दार उघडा. स्कार्फ दोरीवर ओला होता गं. आतूनच कोड सांगितला, म्हटलं जिन्यात ठेव. तो गेल्यावर दार उघडलं, तर काहीच नव्हतं." ताई नखानं टेबलावरचा डाग खरवडत होती. "तुला सांगणार होते. पण तू एवढी भांडत होतीस... वाटलं, देतील."

शिवी धाकटीच्या ओठावर आली होती. तिनं गिळली. हात काढला.

"कोड दिला, पण वस्तू हातात नाही घेतली. जिन्यात ठेवायला सांगितली."

"हातात का नाही घेतली? कारण लिहावं लागतं, मॅडम. आजारपण वगैरे असेल तर वरचे साहेब बघतात."

धाकटीनं ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. नको.

"घरात... घरात कोणी नव्हतं."

"मग कोड कोणी सांगितला?"

धाकटीनं पुन्हा ताईकडे बघितलं. ताई अजून मान हलवत होती. पलीकडचा म्हणाला, "तक्रार बंद करतोय, मॅडम."

धाकटी काही बोलायच्या आत ताईनं तिच्या हातातून फोन घेतला आणि मालकाचा नंबर लावला. गिऱ्हाइकाशी बोलायची तशी ती गोड बोलत होती.

"सोमवारी मी येत नाही. नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ठेवा तुम्ही दुसरी. हो, डाव्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. बहीण आणून देईल."