मुंडीचा वाटा

आमच्या वस्तीवर शिकार झाली की मुंडी कुत्र्याच्या धन्याची आन मांडी मारणाऱ्याची. बाकीचं मटन घरटी सारखं. म्हनूनच रविवारी सकाळी माझे दीर दत्तराव भावजी हरणाची मुंडी टोपल्यात घालून माझ्या दारात ठेवून गेले. कुत्री माझी, वाघी. "वैनी, वाघीला न्हेऊ का?" म्हनून इचारलं होतं. न्ह्या म्हनलं मीच. कशाला ते इचारलं न्हाई, ठाऊक होतं की!

आन त्याच रविवारी माझी नात दीपिका सुट्टीला घरी. महिना झाला तिला वनरक्षक होऊन. भरतीसाठी दोन वरसं ताडकळसच्या रस्त्यानं पळाली पोर.

तिनं टोपलं उघडलं आन तसंच परत झाकलं.

"आजी, हे नुसतं घरात ठेवलं तरी गुन्हा हाय. आता मी काय करू, बगितलंच न्हाई म्हनू?"

भावजी आंगनातनं माघारी आले आन हसायले. "आगं, जंगलखातं आपल्या घरातलं झालंय आता. कोन इचारतंय? टाक मुंडी हिरीत."

माझं टाळकंच सरकलं. "का वो भावजी, पोरीला खाकी काय तुमची शिकार झाकायला दिलीय व्हय?"

घमेलं उचललं आन वाटलेलं मटन गोळा कराया अकरा घरं फिरले. कमलबाईच्या चुलीवर रटरटायलं होतं, ते पातेल्यासकट आणलं. "दिलेला वाटा माघारी मागायलीस, लाज हाय का?" म्हनली. न्हाई म्हनलं आन पुढचं दार गाठलं.

तवर दीपिकानं वनपाल साहेबांना फोन केला होता. साहेब येईस्तवर पंचनाम्याचा कागद लिहायला बसली. कुनाच्या ताब्यात सापडलं, तिथं तिचा पेन थांबला. टपाटपा रडायली.

"वाघीचं नाव लिव," भावजी म्हनले. "कुत्रीला कोन जेलात घालतंय?"

"गप बसा! दिपे, मुंडी कुनाच्या दारात हाय?"

"तुज्या."

"मग लिव की."

"आजी, कोर्टात जावं लागंल तुला."

"जाईन. परभणीला यष्टी जाती. पर तुज्या हातनं खोटं लिहून घ्यायची न्हाई मी."

तिनं डोळे पुसले आन माझं नाव घातलं. भ्या वाटलंच, खोटं कशाला बोलू? पर बरंबी वाटलं.

भावजी उंबऱ्यात उभे होते. ते आत आले, उकिडवे बसले.

"मुंडी वैनीची. मांडी माझ्या घरातनं आलीय. माजंबी लिव."

दीपिकानं मान वर केली न्हाई. जन्मात कधी ह्या चुलत आज्याला अहो-जाहो न केलेली पोर.

"नाव सांगा," म्हनली.

"आगं, माजं नाव ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"सांगा."

भावजीनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आन बापाच्या नावासकट पुरं नाव सांगितलं.